गडग्यातली भर

“तोंड तिकडे कर. खेचराचं डोकं घट्ट धरून ठेव, आणि मी सांगेपर्यंत वळायचं नाही.”

आठवणीतला बाबांचा हा आवाज तेक्लाला नेहमी पाठीमागून ऐकू येई, कारण ते बोलले तेव्हाही तिच्या पाठीमागेच होते. आज तो आला वेदीमागच्या लहान खोलीत, मेणाच्या आणि दमट लाकडाच्या वासात. चर्चचे फादर मोसेन प्रात तिनं आणलेला काचेचा बुधला खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. दर नोव्हेंबरात गावाहून तिचा भाऊ हा बुधला धाडायचा आणि तेक्ला तो पहाटेच्या पहिल्या मिस्सेनंतर, म्हणजे वेदीपुढच्या प्रार्थनेनंतर, फादरांच्या हाती द्यायची. वर्षभर वेदीवरच्या पेल्यात तीच वाइन. “काय रंग आहे बघ,” मोसेन म्हणाले, “तुमच्याकडच्या मातीत देवानं काय घालून ठेवलंय कुणास ठाऊक.” हे ते दरवर्षी म्हणत आणि तेक्ला दरवर्षी फरशीवरच्या एका फुटक्या टाइलकडे बघत उभी राही. पण आज ते पुढेही बोलले. “तुझ्या वरच्या मजल्यावरच्या सेन्योरा लायांचा निरोप आलाय. गुरुवारची पहिली मिस्सा त्यांच्या मुलासाठी, नार्सिससाठी. मृतांची मिस्सा. वीस वर्षांत पहिल्यांदा मृत म्हणाल्या ग त्या. तेव्हा हा बुधला मी त्याच दिवशी फोडणार. तुझीच वाइन असू दे त्या पोरासाठी.” तेक्लानं तोंड उघडलं. “फादर, ती... कदाचित यंदा गढूळ निघेल,” एवढंच बाहेर पडलं. मोसेन हसले. “तुझी वाइन? गढूळ? जा, इस्त्र्या गार होतील तुझ्या.”

रस्त्यावर आली तेव्हा थंडी होती आणि तिचे कान जळत होते. धोबीखान्यात पोचल्यावर तिनं एप्रन बांधला, वेदीवरची तागाची कापडं खळीतून काढली, इस्त्री गालाजवळ धरून तिची धग पाहिली, आणि पहिल्याच कापडावर पिवळा डाग पाडला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. “तेक्ला बाई, रात्रभर कुठे नाचायला गेला होतात की काय?” शेजारच्या टेबलावरची माँसेरात ओरडली आणि बायका हसल्या, कारण तेक्ला आणि नाच ही गोष्टच हसण्याजोगी होती. तेक्ला रोज पहिल्या मिस्सेला जाणारी, शुक्रवारी पावावर राहणारी, जपमाळ एप्रनच्या खिशात ठेवून गिऱ्हाइकांचे शर्ट मोजताना पुटपुटणारी. आईच्या मरणाच्या बिछान्याशी तिनं शब्द दिला होता, पहिली मिस्सा चुकवणार नाही म्हणून. तापातसुद्धा चुकवली नव्हती. बार्सेलोनातल्या या गल्लीत लोक तिच्याकडे प्रार्थना मागायला येत, जसं कुणाकडे विरजण मागायला यावं. माझ्या मुलाच्या परीक्षेसाठी एक माळ म्हणा तेक्ला बाई, तुमचं ऐकतो देव. ती मान हलवायची, आणि मान हलवताना प्रत्येक वेळी वाटायचं की आपण दुसऱ्याचा कोट घालून उभ्या आहोत आणि खिशातून त्याचा रुमाल डोकावतो आहे.

डागावर लिंबू चोळताना तिला ते शेत दिसत होतं. दिसत होतं म्हणजे खेचराचे कान दिसत होते, कारण तिनं पाहिलं ते तेवढंच. यादवी युद्ध संपून दुसरा हिवाळा चालू होता, ती पंधरा वर्षांची होती, आणि बाबांनी वरच्या मजगीत, उतारावरच्या पायरीसारख्या शेतात, पहिल्यांदा नांगर घातला होता. त्याआधी तिथे जाता येत नव्हतं. न फुटलेले गोळे होते, तारा होत्या, द्राक्षवेलींच्या मध्ये खंदक होते. नांगर अडला आणि खेचर आपणहून थांबलं. बाबा वाकले, मग ताठ झाले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, तोंड तिकडे कर. खेचराच्या कानांच्या आतली केसाळ मऊ कातडी, तिच्यावर चिकटलेला एक वाळका काटा, नाकपुडीतून येणारी वाफ, हे सगळं तेक्ला आजही चित्रासारखं सांगू शकली असती. पाठीमागे मात्र फक्त आवाज होते. फावडं. बाबांचा श्वास. मग दगडावर दगड. मजगीचा गडगा तोफांनी ढासळला होता, तो बाबा त्या दिवशी रचायला बसले. तिच्याकडचे गडगे बिनचुन्याचे, बाहेरून मोठे दगड आणि आतून पोकळी. त्या पोकळीत बारीक खडी, फुटकी कौलं, जे हाती लागेल ते भरायचं, म्हणजे पाणी झिरपतं आणि भिंत उभी राहते. भर म्हणतात तिला. अंधारून आल्यावर बाबा म्हणाले, “वळ आता.” गडगा पूर्ण झाला होता. नांगराच्या सरीत काहीही नव्हतं. वरचा चपटा दगड बाबांनी तळव्यानं दाबून पाहिला, जशी आई भाकरी दाबून पाहायची, आणि घरी जाताना वाटेत एकदाच बोलले: “तो दगड कुणी हलवायचा नाही.”

दुसरं काय करणार होते? असा प्रश्न तेक्ला देवाला विचारी. ज्यांनी युद्ध जिंकलं त्यांची मढी लष्करी गाड्या येऊन घेऊन गेल्या होत्या, त्यांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरली होती. हरलेल्यांना नावं नव्हती. दफनभूमीत घेऊन जावं तर कुठे सापडली, कुणी सांगितलं, तू कुणाच्या बाजूचा, असे प्रश्न. आणि बाबा पूर्वी गावच्या सहकारी द्राक्षघाण्याचे कारभारी राहिलेले, म्हणजे आधीच डोळ्यांवर आलेले. हे सगळं खरं होतं. पण नांगराला लागलेली ती तीन माणसं गडग्यात भर म्हणून घातली, हेही खरं होतं. ती ज्या घरात वाढली त्या घरानं माणसांचा उपयोग करून भिंत उभी केली, आणि ती भिंत काय छान उभी आहे. कधी फुगून पोट आलं नाही की दगड निसटला नाही.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर ती कदाचित बोलली असती कुणाशी. पुढल्या शरदात त्या गडग्याच्या वरच्या ओळीला द्राक्षं लागली. ती उपासमारीची वर्षं, रेशनचा काळा पाव, आई चेस्टनट उकडून त्यांच्या पाण्याला सूप म्हणायची. तोडणीच्या सकाळी तेक्ला टोपली घेऊन त्या ओळीशी गेली, एकटी होती, आणि तिनं दोन्ही हातांनी खाल्ली. बसून, गडग्याला पाठ टेकून. रस कोपरापर्यंत ओघळला, माश्या आल्या, सालं दातांत अडकली आणि तिनं तीही गिळली. इतकं गोड तिनं त्यापूर्वी काही खाल्लं नव्हतं, नंतरही नाही. बाबांनी पाहिलं तेव्हा ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “या ओळीची नाही खायची. या ओळीची वेगळी काढायची. ही चर्चला.” तेव्हापासून ती ओळ वेगळी तोडली जायची, वेगळी तुडवली जायची, वेगळ्या बुधल्यात भरली जायची. घरात सणालासुद्धा तिचा थेंब येत नसे. तेक्लाला वाटायचं, बाबा नव्या राज्याला भिऊन धार्मिक झाले आहेत. जे आपल्याला गिळवत नाही ते देवाच्या पेल्यात ओततायत. किती वर्षं तिला बापाची या गोष्टीसाठी लाज वाटत आली होती! आणि स्वतःची अशासाठी, की पेला वर उचलला जातो, घंटी वाजते, सगळे मान खाली घालतात, आणि तिच्या तोंडाला, उपाशी तोंडाला, पाणी सुटतं. अजून. तेहतीस वर्षांच्या बाईला. ती गोडी तिनं कबुलीजबाबात कधी सांगितली नाही, कारण पापाचं नाव काय म्हणून सांगायचं?

संध्याकाळी फिरता देव्हारा आणायला तिला वर जायचं होतं. गल्लीतल्या घरांत तो देव्हारा महिनाभर फिरतो. लाकडी पेटी, दोन झडपांची, आत पवित्र कुटुंबाच्या मूर्ती, जोसेफ आणि मायलेक. एक दिवस एका घरी, मग शेजारी. सेन्योरा लायांकडून तो तेक्लाकडे येई. पूर्वी लाया स्वतः घेऊन उतरायच्या, जिन्यात मधेच थांबून ओरडायच्या, “दार उघड ग, जोसेफाला दम लागलाय!” गेल्या उन्हाळ्यापासून तेक्लाच वर जात होती. बिछाना आता खिडकीशी हलवला होता. बाईंचा चेहरा एवढासा झाला होता, पण केस विंचरलेले, आणि डोळे तसेच, कुणाची तरी थट्टा करायच्या बेतात असलेले.

“आलीस? बैस. मोसेननं सांगितलं ना तुला?”

“हो.”

“इतकी वर्षं मी त्याला प्रवाशांची मिस्सा म्हणायला लावली. प्रवासात असलेल्यांसाठी! बिचारा म्हणायचाही. म्हटलं, आता पुरे. मी निघायच्या आधी नार्सिसला कुठेतरी पोचलेला तरी म्हणू या.” त्या खोकल्या. मग म्हणाल्या, “यंदा गावाहून काय आलं?”

“वाइन. आणि बदाम. तुमच्यासाठी आणलेत थोडे.”

“बदाम.” लायांनी छताकडे पाहिलं. “गेल्या वर्षी बदाम. त्याच्या आदल्या वर्षी अंजिरं. पोरी, मी तुझ्याकडे काय मागितलं होतं? मूठभर माती. माझा पोरगा हरवला तिथली, माझ्या शवपेटीत ठेवायला. बदामाबरोबर कुणाला पुरतात का ग?”

तेक्लानं बदामांची पुडी उशाशी ठेवली. गावी ती दर इस्टरला जायची आणि दर वेळी ते राहायचं. विसरले सेन्योरा लाया. पाऊस होता. घाई झाली. माती! जगातली सगळ्यात साधी वस्तू, कुंडीतून उचलली असती तरी बाईंना कळलं नसतं, आणि तसं करायचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता हेही तिला माहीत होतं. पण तिच्याकडची माती म्हणजे तिला एकच ठिकाण दिसायचं, आणि तिथे वाकायचं म्हणजे त्या भिंतीसमोर वाकायचं. गेल्या इस्टरला ती मजगीपर्यंत गेली होती. भाऊ वेन्तुरा वेली छाटत होता, तिच्या बुटांकडे बघून हसला. “या, या, बार्सेलोनाच्या सेन्योरा! चिखलाला भिऊ नका, चावत नाही.” आणि मग गडग्यावर टेकून तंबाखू वळता वळता, “हे तिघं बघ, माझे सगळ्यात चांगले गडी. ना पगार मागत, ना दुपारी झोपत.” तो वाईट माणूस नव्हता. त्याला रोज तिथे काम करायचं होतं, तो विनोद करून काम करत होता. ती मात्र मोकळ्या हातानं परत फिरली. विनोद करणारा निदान त्यांच्याशी बोलत तरी होता, हे आज, या बिछान्याशी बसल्यावर तिच्या मनात आलं.

“तू पाहिली होतीस ना ती लढाई?” लाया विचारत होत्या. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. “आम्हाला इथे नुसते आकडे यायचे. नदी ओलांडली, टेकडी घेतली, टेकडी गेली.”

“मी तेरा वर्षांची होते. आम्ही तळघरात होतो बरेचदा.”

“तरी.”

तरी काय सांगायचं? जुलैत, संत याकोबाच्या रात्री, पुढे हरलेल्या बाजूची ती मुलं होड्यांतून एब्रो नदी ओलांडून आली. एप्रिलमध्ये गावात एक झेंडा लागला होता, जुलैत त्यांनी दुसरा लावला, नोव्हेंबरात पुन्हा पहिला. मधले चार महिने टेकड्यांवर झाड राहिलं नाही. त्यानंतर युद्ध म्हणजे नुसती पळापळ होती; जे हरायचं ते तिच्या बाबांच्या वेलींमध्येच हरून झालं होतं. मोठी माणसं संपली म्हणून सतराच्या पोरांना बोलावलेलं. दारात आले तेव्हा पाणी मागत होते आणि विहिरीत पाणी नव्हतं, म्हणून बाबांनी वाइन दिली. “एक होता,” तेक्ला म्हणाली, “प्यायला आणि म्हणाला, माझ्या आईला सांगू नका हं, काका. सगळे हसले.”

लायाही हसल्या, आवाज न करता, बराच वेळ. “माझा नसणार. माझा घरातली चोरून प्यायचा.” मग डोळे पुसून त्यांनी हात पलंगाखाली घातला आणि एक पुडकं ओढून काढलं. मऊ पडलेला कागद, आत कापडी जोडे, दोरीच्या तळव्यांचे, बांधायच्या फिती निळ्या. कोरे. “जुने घालून गेला. आंगठा बाहेर आलेला. दुकानात त्याच संध्याकाळी माल आला, काळ्या फिती नव्हत्या, म्हटलं निळ्या तर निळ्या, धावत स्टेशनवर गेले. गाडी गेली होती.” त्यांनी जोडे तेक्लाच्या मांडीवर ठेवले. “परत येईल तेव्हा लागतील म्हणून ठेवले होते. आता मीच मिस्सा सांगितलीय, तर घरात ठेवून काय करू? तू माती घेशील तिथे हे ठेव. कुठेही. त्याचेच पाय पाहिजेत असं नाही ग. कुणीतरी असेलच ना तिथे अनवाणी?”

तेक्लाच्या पाठीमागे फावड्याचा आवाज झाला. गडग्यातल्या त्या तिघांच्या पायांत काय होतं? फिती होत्या का? कुठल्या रंगाच्या? तिला ठाऊक नव्हतं, तिनं पाहिलंच नव्हतं. आणि एवढ्या वर्षांत वेन्तुराला, मरणाच्या आधी बाबांना, कुणालाही विचारलं नव्हतं. बाबांनी त्यांना पाहिलं होतं. हातांत घेतलं होतं. टोपी काढली होती. आणि मग दरवर्षी, चौदा शरद, मरेपर्यंत, त्यांनी त्या ओळीची द्राक्षं वेगळी काढली होती आणि मुलीच्या हातून वेदीपर्यंत पोचवली होती, जिथे जायची त्या तिघांना मनाई होती. भीतीपोटी? की दुसरी वाट नव्हती म्हणून? की रोज सकाळी कुणीतरी फादर, काही माहीत नसताना, त्यांच्यासाठी पेला वर उचलेल म्हणून? बाबांना विचारायला आता बाबा नव्हते. तेक्लाला एवढंच कळलं की ज्याची तिला इतकी वर्षं लाज वाटत आली तो माणूस चिखलात गुडघ्यांवर बसला होता, आणि ती, रोजच्या मिस्सेची, शुक्रवारच्या उपवासाची, तिला आजवर मूठभर मातीसाठी वाकता आलं नव्हतं. चेहरा असा तापला की तिनं तो जोड्यांवर झुकवला. त्यांना नव्या दोरीचा वास येत होता. अजून.

“सेन्योरा लाया, मला तुम्हाला एक सांगायचंय. आमच्या शेतात...”

“सांगू नकोस,” लाया म्हणाल्या. त्यांचा हात वाळक्या पानासारखा तिच्या मनगटावर आला. “तुझं तोंड मी गेली कित्येक वर्षं बघत्येय, बदाम देताना. जे आहे ते तिथे जाऊन कर. येऊन मग सांग. मी गुरुवारपर्यंत कुठे जात नाही.”

“उद्या सकाळच्या गाडीनं जाते.”

“आणि तुझी पहिली मिस्सा?”

तेक्ला उठली. झडपा लावून तिनं देव्हारा उचलला, काखेत जोडे घेतले. “जाते,” ती म्हणाली. जिन्यात, मधल्या वळणावर, तिला क्षणभर थांबावं लागलं.

सकाळी ती निघाली तेव्हा दिवे अजून विझले नव्हते. देव्हारा तिनं खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे पोचवला होता, दिवस पुरा व्हायच्या आधीच, आणि त्या बाई झोपेतच म्हणाल्या होत्या, “आज? माझा तर उद्या आहे!” हातात कापडी पिशवी, आत पाव, मातीसाठी क्विन्स फळाच्या वडीचा धुऊन पुसलेला रिकामा डबा, आणि इस्त्रीच्या टेबलावरचं एक पांढरं कापड, पिवळा डाग पडलेलं, जे आता वेदीवर चालणार नव्हतं. चर्चपाशी घंटी वाजत होती. सेवक हौमे नेहमीप्रमाणे तिच्यासाठी दार पाठीनं अडवून उभा होता, पायानं पानं ढकलत.

“चला, चला तेक्ला बाई! देवाला तुमच्याशिवाय सुरू करवत नाही.”

“आज नाही, हौमे.”

“काय?” त्यानं दाराला टेकवलेलं डोकं वर केलं. “आजारी आहात?”

“नाही. गुरुवारी येते. मोसेनना सांगा, तोच बुधला फोडा म्हणावं. तो गढूळ नाही.”

तो दार धरून बघत राहिला. आतून मेणाचा वास आला, पोट उपाशी होतं, तोंडाला पाणी सुटलं. तिनं ते गिळलं आणि रस्ता ओलांडला. स्टेशनाकडच्या उतारावर वारा समोरून होता. गडग्यावरचा तो दगड चपटा आहे, आणि जड. वेन्तुराला सांगावं लागेल, दुसऱ्या बाजूनं धर म्हणून, आणि तो काहीतरी थट्टा करेल, आणि मग करणार नाही. जोडे तिनं पिशवीत घातले नव्हते. ते तिच्या हातात होते, पोराच्या पायांत चढवताना आई धरते तसे, टोकं आपल्याकडे आणि टाचा पुढे.